काळ्या पाण्यातलं पोटॅश

गळीत हंगामात घोडेगाव परिसरात उसाचा शेंडाही वाया जात नाही. तोडणी कामगार वाढ्यांच्या पेंढ्या बांधतात, त्या गुरांच्या दावणीला जातात. खरा प्रश्न उरतो तो कारखान्याच्या गव्हाणीत पडलेल्या उसाचा. टनभर उसातून साखर निघते शंभर-एकशे दहा किलो. चोथा, म्हणजे बगॅस, मात्र २८० किलोच्या आसपास. शिवाय चाळीसेक किलो मळी आणि रस गाळून उरलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, वेगळा.

बगॅस ओलाच बॉयलरमध्ये जातो, वाफ होते, वीज होते. ते सगळीकडे दिसतं. मला मात्र डिस्टिलरीच्या मागच्या बाजूला थांबावंसं वाटलं. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. कॉलममधून येताना तो कढत असतो, रंग काळपट तपकिरी, आंबूस वास नाकातून जात नाही. त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या प्रदूषणाचं माप, लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात. ओढ्यात सुटला तर मासे मरतात, विहिरी तांबूस होतात. नगर जिल्ह्याने हे भोगलं आहे आणि ते विसरता कामा नये.

पण या पाण्यात आहे काय? उसाने जमिनीतून ओढलेलं पोटॅश. ते साखरेत जात नाही, मळीत साठतं. यीस्टही ते खात नाही. म्हणून शेवटी बहुतेक इथेच येतं. आधी डायजेस्टरमध्ये जिवाणू स्पेंटवॉशमधून मिथेन काढतात. काही ठिकाणी पाणी आटवून काकवीसारखा दाट झालेला स्पेंटवॉश बगॅसबरोबर जाळतात. त्याच्या राखेतलं पोटॅश खत म्हणून विकता येतं. अशा खतात किमान १४.५ टक्के पोटॅश लागतं. २०२१ पासून त्याला केंद्राचं अनुदान आहे. आपण जवळपास सगळं पोटॅश परदेशातून आणतो, म्हणून मला ही राख साखरेइतकीच मोलाची वाटते.

उरलेल्यातून असं मोल दुसरीकडेही काढतात. नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गची बोरेगार्ड कंपनी लाकडाचा लगदा करताना उरलेल्या द्रवातल्या लिग्निनपासून, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणाऱ्या घटकापासून, १९६२ पासून व्हॅनिलिन हा व्हॅनिलाचा सुगंधी घटक बनवते. आपल्या बगॅसमधलं लिग्निन अजून बहुतेक भट्टीतच जातं.

स्पेंटवॉश जाळून पोटॅश मिळवणंही सोपं नाही. पोटॅशची राख कमी उष्णतेलाच वितळते, नळ्यांवर थर धरते. मग बॉयलर थांबवायचा, आत उतरून नळ्या खरवडायच्या. खरवडून पडलेले खडेही फेकून देत नाहीत. तेही दळून पोत्यात भरता येतात.