न दिसणारे खोके

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जे शिकलो ते चाळिशीनंतर, पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून. म्हणून शेजारची अकरावीतली मुलगी "काका, मला प्रोग्रॅमिंग जमणारच नाही" म्हणाली, तेव्हा मी आधी तिची वही मागितली.

तीन ओळी होत्या: अ = ५, ब = अ, अ = ७. शेवटी 'ब' किती? तिचे उत्तर होते ७. यात मतिमंदपणा नव्हता. बीजगणितात बरोबरचे चिन्ह कायमची समानता सांगते; तोच अर्थ तिने इथे लावला. प्रोग्रॅममध्ये मात्र ते चिन्ह म्हणजे आज्ञा: उजवीकडची किंमत काढा आणि डावीकडच्या नावाखाली ठेवा. मी कागदावर दोन खोके काढले आणि प्रत्येक ओळीनंतर आकडे तिलाच लिहायला लावले. तिसऱ्या ओळीला तिने 'अ'मधला ५ खोडला. 'ब'मधला ५ तसाच राहिला. ती स्वतःशीच हसली.

अदृश्य क्रिया दृश्य करण्याचा हा प्रयत्न जुना आहे. १९८१ साली टोरोंटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी 'सॉर्टिंग आउट सॉर्टिंग' हा अर्ध्या तासाचा चित्रपट केला. क्रमवारी लावण्याच्या नऊ पद्धती त्यात हलत्या चित्रांतून दिसतात. २०१० मध्ये फिलिप गुओ यांनी 'पायथॉन ट्यूटर' तयार केले. त्यात प्रोग्रॅम ओळीओळीने पुढेमागे नेऊन पाहता येतो.

पण नुसते पाहून भागते का? हुंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ मध्ये अशा २४ प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा, की चित्र काय दाखवते यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राशी काय करतो, हे महत्त्वाचे. पुढची पायरी ओळखायला लावली, तर चित्र कामाला येते.

शिवाय प्रत्येक चित्राला मर्यादा असते. पायथॉनमध्ये एकाच यादीला दोन नावे दिली, तर एका नावाने त्या यादीत घातलेली भर दुसऱ्या नावानेही दिसते. तिथे खोके फसवतात. एकाच यादीकडे जाणारे दोन बाण काढावे लागतात.

परवा त्या मुलीने हे बाण मला न विचारता काढले. "काका, तुमचे खोके इथे चालत नाहीत," ती म्हणाली. मला तेवढेच हवे होते.