दिवाळीत कुत्रा थरथरतोय, त्याला जवळ घ्यायचं की दुर्लक्ष करायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत शांतता तशी कमीच. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी देशभर ओळखलं जातं. चांदीचं काम इथं घराघरांत चालतं. एका खोलीत मशीनची घरघर, दुसऱ्या खोलीत ठोकाठोक, कुठे घुंगरं जोडणं सुरू. अशा घरातला कुत्रा या सगळ्या आवाजात दारात पाय ताणून निवांत झोपतो.

आणि मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत पहिला सुतळी बॉम्ब वाजतो. तोच कुत्रा दिवाणाखाली शिरतो, थरथरायला लागतो, समोर ठेवलेल्या चिकनच्या तुकड्याकडेही बघत नाही. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'अरे, घे त्याला जवळ.' दुसरा म्हणतो, 'अजिबात नको, लाड केले की आणखी भित्रा होतो.'

यातलं बरोबर कोण?

मशीन चालतं, मग फटाका का चालत नाही?

फरक फक्त मोठ्या आवाजाचा नाही. मशीनचा आवाज एका लयीत येतो, रोज त्याच वेळी येतो आणि तो कुठून येतो हे कुत्र्याला माहीत असतं. फटाक्याचं तसं नाही. तो कधी वाजेल, कुठे वाजेल, एक वाजून थांबेल की हजाराची माळ लागेल, याचा काहीच अंदाज येत नाही. सोबत डोळे दिपवणारा उजेड, जमिनीचा हादरा आणि दारूचा वास. कुत्र्याच्या दृष्टीने हे कारण नसलेलं संकट आहे, आणि ते संपलं की नाही हेही त्याला कळत नाही.

त्यात त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे.

तुमचाच कुत्रा घाबरट आहे असंही समजू नका. फिनलंडमध्ये १३,७०० हून जास्त पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ३२ टक्के कुत्रे मोठ्या आवाजांना घाबरणारे निघाले. म्हणजे दर तिघांमागे जवळपास एक.

'दोन-तीन दिवाळ्या गेल्या की होईल सवय' हा समजही बऱ्याचदा उलटा पडतो. भेदरलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा तोच आवाज कानावर आला, तर काही कुत्र्यांची भीती वर्षागणिक वाढत जाते. आधी फक्त बॉम्बला दचकणारा कुत्रा नंतर मोटारसायकलच्या सायलेन्सरलाही दचकू लागतो. बरेच कुत्रे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सावरतात, काहींना मात्र कित्येक दिवस लागतात.

तर मग जवळ घ्यायचं का?

हो, घ्या.

'जवळ घेतलं की भीती वाढते' या समजामागे एक तर्क आहे. कुत्रा बसला की आपण बिस्कीट देतो, म्हणून तो पुन्हा बसतो. तसंच घाबरल्यावर थोपटलं, तर तो पुन्हा घाबरेल, असं लोकांना वाटतं. पण बसणं ही कृती आहे आणि भीती ही भावना. बक्षीस मिळावं म्हणून कुणी ठरवून घाबरत नाही. अंधाराला घाबरलेल्या पोराला आजीने कुशीत घेतलं म्हणून ते पोर अंधाराला जास्त घाबरू लागत नाही, तसंच हे.

उलट, स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधक स्टेफनी रीमर यांनी १,२२५ श्वानपालकांची पाहणी केली तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. फटाका वाजल्याबरोबर कुत्र्याला आवडीचा खाऊ देणं किंवा त्याच्याशी खेळणं हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी फरक पडल्याचं सांगितलं. धडाम झालं की पनीरचा तुकडा, पुन्हा धडाम, पुन्हा तुकडा. हळूहळू आवाज म्हणजे काहीतरी चांगलं येणार, असं डोक्यात बसतं. अर्थात कुत्रा इतका घाबरला असेल की खाऊकडे बघतही नाही, तर बळजबरीने भरवू नका. तेव्हा नुसतं शेजारी बसणं पुरे.

एक पथ्य मात्र आहे. जवळ यायचं की नाही हे कुत्र्याला ठरवू द्या. तो दिवाणाखाली गेला असेल तर त्याला तीच जागा सुरक्षित वाटते आहे. पाय धरून बाहेर ओढू नका. भेदरलेला कुत्रा घरच्या माणसालाही चावू शकतो, म्हणून लहान मुलांना त्याच्यापासून थोडं लांबच ठेवा. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा. घरचा कुत्रा आहे म्हणून टाळाटाळ नको.

तो घाबरलाय हे ओळखायचं कसं?

थरथर आणि पायात घातलेलं शेपूट सगळ्यांना कळतं. त्याआधीच्या खुणा सुटतात. झोप आलेली नसताना जांभया, सारखी ओठांवरून फिरणारी जीभ, मागे चिकटलेले कान, ऊन नसताना धापा, एका जागी न बसता खोलीभर येरझाऱ्या. दिवाळीत कुर्ता घालून, दिव्यांसमोर बसवून काढलेले कुत्र्यांचे रील्स एकदा या नजरेने पुन्हा बघा. 'बघा कसा जांभई देतोय' म्हणून ज्यावर हसण्याच्या इमोजी पडल्यात, त्यातले काही कुत्रे प्रत्यक्षात ताणाखाली असतात.

उघडं दार

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लक्ष्मी घरात यावी म्हणून दार उघडं ठेवायची पद्धत आहे. दारात पणत्या, रांगोळी, पाहुण्यांची ये-जा. आणि नेमका तेव्हाच बाहेर फटाक्यांचा जोर. घाबरलेला कुत्रा याच दारातून सुटतो. एरवी हाक मारली की येणारा कुत्रा त्या क्षणी कुणाचंच ऐकत नाही, दिशा न बघता पळत राहतो.

हुपरीसारख्या गावात यात आणखी एक धोका आहे. दिवाळीच्या दिवसांत शिवारात ऊस डोक्यापेक्षा उंच उभा असतो. कुत्रा एकदा उसात शिरला की रात्री शोधणं जवळपास अशक्य. शिवाय हुपरी-यळगूडच्या जवाहर साखर कारखान्यासह परिसरातल्या कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो, आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात.

म्हणून पूजेला दार उघडायचं असेल, तर आधी कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा आणि त्या खोलीचं दार लावून घ्या. रस्त्याकडे खिडकी नसलेली, घराच्या मधली खोली सर्वांत बरी. दिवे चालू असू द्या म्हणजे बाहेरचा लखलखाट जाणवत नाही. पंखा, कूलर किंवा टीव्ही चालू ठेवा. पांघरूण, पाणी आणि त्याचं नेहमीचं अंथरूण तिथंच. ज्या खोलीत चांदीकाम चालतं, तेजाबाच्या बरण्या असतात, तिला मात्र कुलूप हवं. भेदरलेला कुत्रा अडगळीत कुठेही घुसतो. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर लिहा. आणि त्याला दुपारी चारच्या आतच फिरवून आणा, साखळी हातात घट्ट धरून.

सुटलाच, तर पहिल्या तासात आसपासच्या गल्ल्या, गोठे, बंद गाड्यांच्या खाली बघा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला त्याचा अलीकडचा, अंगावरच्या खुणा दिसतील असा फोटो आधीच मोबाइलमध्ये काढून ठेवलेला बरा.

फराळाचं ताट

इथं सगळ्यात वाईट गोष्ट अगदी साधी दिसते. लाडवावर लावलेला बेदाणा. तासगाव-सांगलीचा बेदाणा आपल्याकडे दिवाळीत प्रत्येक डब्यात असतो. पण द्राक्ष, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे असं होत असावं, असा सध्याचा अंदाज आहे. किती खाल्ल्यावर धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे 'एकाने काय होतंय' हे इथं चालत नाही. चॉकलेट, शुगर-फ्री मिठाईतलं झायलिटॉल, कांदा-लसूण घातलेला चिवडा हेही नको. चकली-शेव विषारी नाही, पण तळणीच्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यापेक्षा सणाचा वेगळा वाटा म्हणून मीठ-मसाला न घातलेली उकडलेली अंडी द्या.

झोपेची गोळी द्यावी का?

घरातल्या माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणं धोक्याचं आहे, ते करू नका. पशुवैद्यकाकडे यासाठी कुत्र्यांना चालणारी औषधं असतात आणि खूप घाबरणाऱ्या कुत्र्यांना ती खरंच उपयोगी पडतात. मात्र डॉक्टरांकडे दिवाळीच्या किमान आठवडाभर आधी जा, कारण काही औषधांचा डोस आधी शांत दिवशी देऊन बघावा लागतो. एसेप्रोमॅझिन नावाचं एक जुनं औषध अजूनही दिलं जातं. ते एकटं दिलं तर कुत्रा गपगार पडतो, पण भीती तशीच राहते, फक्त पळता येत नाही. तेव्हा डॉक्टरांना 'हे भीती कमी करतं की फक्त गुंगी आणतं?' एवढा एक प्रश्न नक्की विचारा.

ग्रीन फटाके वाजवले तर?

ग्रीन फटाक्यांचं सूत्र नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या पुढाकाराने तयार झालं, आणि त्यांचा मुख्य भर धूर व सूक्ष्म कण कमी करण्यावर आहे. आवाज थोडा कमी असला, तरी कुत्र्याला दचकवायला तो पुरेसा आहे. 'ग्रीन' म्हणजे प्राण्यांना निर्धोक, असा अर्थ काढू नये.

नियम काय सांगतो? फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला, विकायला आणि वाजवायला बंदी आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या रात्रीसाठी ८ ते १० अशी दोन तासांची वेळही आखून दिली होती. आता नरक चतुर्दशीची पहाट आठवा. अभ्यंगस्नानाआधी पाच वाजता वाजणारी पहिली माळ कौतुकाची असली, तरी ती नियमात बसत नाही. आणि कुत्रा त्या वेळी गाढ झोपेत असतो.

ज्यांना दिवाणच नाही, त्यांचं काय?

गल्लीतल्या कुत्र्यांना लपायला आतली खोली नसते. फाटकाची एक बाजू किंवा जिन्याखालची जागा त्या चार रात्री मोकळी सोडली, पाण्याचं भांडं ठेवलं, तरी त्यांना आसरा मिळतो. आडोशाला आलेल्या कुत्र्याला हाकलू नका.

शेपटीला माळ बांधण्याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. हा गुन्हा आहे. प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये लिहिलेला आहे. म्हणजे एका माळेच्या किमतीपेक्षा कमी. तक्रार देताना दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा, आणि असा व्हिडिओ निषेध म्हणूनही पुढे पाठवण्याऐवजी पोलिसांकडे द्या. भाजलेल्या कुत्र्याच्या जखमेवर साधं गार पाणी ओता. टूथपेस्ट, तेल, हळद लावू नका. जनावरांच्या उपचारासाठी राज्यात १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

नेपाळमध्ये आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमाराला 'कुकुर तिहार' असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. आपल्याकडे कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. हुपरीपासून फार लांब नसलेल्या नृसिंहवाडीच्या दत्ताच्या तसबिरीत तर पायाशी चार कुत्रे असतात, आणि ती तसबीर घरोघरी भिंतीवर आहे.

भाऊबीज झाली की लोक कुत्र्याची खोली उघडतात, पट्टा सैल करतात. पण फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत, कधी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत वाजत राहतात. तोवर संध्याकाळची साखळी सोडू नका. आणि सकाळी फिरायला नेताना रस्त्यावरच्या कागदाच्या कचऱ्यात न फुटलेला एखादा फटाका तर नाही ना, हे आधी बघा. कुत्रा त्याचं नाक सगळ्यात आधी तिथंच घालतो.