पत्ता दुसऱ्याचा, मत स्वतःचे

१९४९च्या वसंतात म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या तरुण संशोधकाला झुडपावर लटकलेला मधमाश्यांचा घोस दिसला. घोसावर काही माश्या नाचत होत्या. या नाचातून माश्या एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, हे त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच उलगडले होते. पण या माश्यांच्या अंगावर पराग नव्हता. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल, कुणी पिठाने पांढरी! युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरातली धुराडी आणि भिंतींमधल्या फटी त्या धुंडाळून आल्या होत्या. शोध अन्नाचा नव्हता, घराचा होता.

वसाहत दाटली की जुनी राणी सुमारे दहा हजार कामकरी माश्यांसह बाहेर पडते. घोस फांदीवर थांबतो आणि काहीशे टेहळ्या माश्या जागा बघायला निघतात. राणीला या निर्णयात मत नसते. आणि निवड चुकली तर हिवाळा निभत नाही. तरीही ही निवड सहसा चुकत नाही, हे कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांनी दाखवले. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या ॲपलडोर बेटावर मोठी झाडे जवळपास नाहीत, म्हणजे ढोल्याही नाहीत. तिथे त्यांनी पाच खोकी ठेवली: चार १५ लिटरची आणि एक माश्यांना मानवणारे, ४० लिटरचे. पाचपैकी चार प्रयोगांत घोसाने मोठे खोकेच निवडले.

हे जमते कसे? टेहळी माशी पोकळीत शिरते, आत चालून-उडून तिचा अंदाज घेते आणि परतून नाचते. नाचाच्या कोनातून दिशा कळते, अंग थरथरवण्याच्या कालावधीतून अंतर. जागा जितकी चांगली, तितक्या नाचाच्या फेऱ्या जास्त. मात्र नाच पाहणारी माशी लगेच त्याच सुरात नाचू लागत नाही. ती स्वतः तिथे जाते, जागा पारखते आणि मगच, पसंत पडली तर, नाचते. सोसायटीच्या सभेत सूचकाचे वाक्य संपायच्या आत अनुमोदकाचा हात वर जातो. इथे अनुमोदकाला आधी जागा पाहून यावे लागते. पत्ता उसना चालतो, मत उसने चालत नाही.

आणखी एक खुबी म्हणजे उत्साह ओसरतो. जागा कितीही उत्तम असो, प्रत्येक खेपेला माशी कमी फेऱ्या नाचते आणि शेवटी थांबते. जुन्या मताला कुणी चिकटून बसत नाही. शिवाय दुसऱ्या जागेची पाठीराखी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवते. दोन जागा तुल्यबळ असल्या, तर या विरोधामुळेच कोंडी फुटते. अखेर एका जागेवर एकाच वेळी वीस-तीस माश्या जमल्या की निर्णय पक्का होतो आणि घोस उडतो.

माणसांचे काय होते? एप्रिल १९६१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या सरकारच्या पाठबळावर सुमारे १,४०० क्यूबन निर्वासित क्यूबाचे सरकार उलथवायला तिथल्या ‘बे ऑफ पिग्ज’ला उतरले आणि तीन दिवसांत मोहीम कोसळली. सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी खासगी टिपणांत विरोध नोंदवला होता. बैठकीत मात्र ते गप्प राहिले, याची खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी १९७२च्या पुस्तकात या प्रकाराला ‘ग्रुपथिंक’ म्हटले. हुशार माणसे एकत्र येतात, एकमेकांचा होकार हाच पुरावा मानतात आणि शंका घेणारा स्वतःलाच आवरतो.

ऑक्टोबर १९६२मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा केनेडींनी पद्धत बदलली. काही बैठकांना ते मुद्दाम गैरहजर राहिले. सल्लागारांचे गट पडले. एकाने नाकेबंदीची बाजू लिहिली, दुसऱ्याने हवाई हल्ल्याची, आणि मग एकमेकांचे कागद तपासून त्यांतल्या उणिवा दाखवल्या. अखेर नाकेबंदी ठरली आणि अणुयुद्ध टळले.

गप्प राहण्याची किंमत प्रयोगशाळेतही दिसते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५मध्ये उमेदवार निवडण्याच्या प्रयोगात काही माहिती सर्वांना सारखी दिली आणि शिवाय प्रत्येकाला वेगळा तुकडा दिला. सगळे तुकडे जोडले असते, तर उत्तम उमेदवार कोण हे दिसले असते. पण चर्चा फिरत राहिली ती सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींभोवती, आणि बहुतेक गट चुकले.

अर्थात, माश्यांचे हित एकच असते. आपल्या बैठकीत बढती, भिडेखातर दिलेला होकार आणि जुनी भांडणेही येऊन बसतात. म्हणूनच नियम लागतात. चर्चेआधी प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहावा. ‘मला काय ठाऊक आहे’ हे आधी, ‘मला काय वाटते’ हे नंतर विचारावे. वादाच्या ठरावावर मतदान गुप्त असावे. आणि भाषणाच्या सभेत अध्यक्ष शेवटी बोलतात, ती आपली जुनी रीत निर्णयाच्या बैठकीतही पाळावी. साहेबांचे मत पहिल्या मिनिटाला कळले, की पुढचा तासभर चर्चा नव्हे, अनुमोदन चालते.