जाहिराती कापा, आवाज जपा!

बचत गटातल्या मैत्रिणी टीव्हीवर झळकतात, सेट-टॉप बॉक्सला लावलेल्या पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगही होतं. पण अनेक बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बिघडला की संपलं! म्हणून मैत्रिणींनो, पेनड्राइव्ह आधी कॉम्प्युटरला लावून बघा. फाइल 'व्हीएलसी'वर दिसली, तर निम्मं काम झालं.

मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, मगच कात्री चालवा. 'एव्हिडेमक्स' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात चित्र आणि आवाज दोन्हींना 'कॉपी' ठेवा. जाहिरात सुरू होते तिथे 'ए', संपते तिथे 'बी' अशी खूण करून डिलीट करा. वर-खाली बाणांच्या कळांनी की-फ्रेम सापडते; तिथेच कापा, नाहीतर चित्र फुटतं. असं कापलं तर दर्जा घटत नाही.

सेकंदाला 4 मेगाबिटचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग 900 एमबी भरतं. मोबाइलवर पाठवायला 'हँडब्रेक'ने एमपी-4 करा. रेडिओवरची मुलाखत 128 केबीपीएसच्या एमपी-3मध्ये जेमतेम 29 एमबी होते. रूपांतरात थोडा दर्जा जातोच, म्हणून मूळ प्रत पुसू नका.

घाबरत घाबरत माइकसमोर पहिल्यांदा बोललेली बाई उद्या तिच्या नातीलाही ऐकू यायला हवी, नाही का?