वर्गणी आणि वेळ

घरांतील एखादा मुलगा अभ्यास आटोपून “एकच भाग पाहतों” असें म्हणत पडद्यासमोर बसतो, आणि पाहतां पाहतां तीन भाग संपून रात्रीचे अकरा वाजतात, हा अनुभव आतां बहुतेक घरीं येतो. ज्या व्यवस्थेमुळें हें घडतें तिची वाढ कशी झाली व तिच्याशीं आपण कसें वागावें, याचा थोडक्यांत विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल नेटफ्लिक्स ही कंपनी घेतों.

इ. स. १९९७ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ यांनीं ही कंपनी स्थापिली. त्या काळीं तेथील लोक चित्रपटांच्या कॅसेटी दुकानांतून भाड्यानें आणीत. परत करण्यास उशीर झाला कीं दंड भरावा लागे. कॅसेट जाड व जड असल्यानें टपालानें पाठविणें महाग पडे. परंतु नुकतीच निघालेली डीव्हीडी ही तबकडी पातळ व हलकी होती. पाकिटांत घालून तिकीट लावलें कीं ती सुखरूप पोंचे. हें हेरून १९९८ सालीं त्यांनीं टपालानें तबकड्या भाड्यानें देण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षीं त्यांनीं मासिक वर्गणी सुरू केली. आपल्याकडील वाचनालयांसारखाच हा प्रकार. मात्र येथें मुदत नव्हती व दंडही नव्हता. हातची तबकडी परत केल्यावांचून पुढची मिळत नसे, एवढाच निर्बंध होता.

२००० सालीं कंपनी अडचणींत असतां संस्थापकांनीं ती पांच कोटि डॉलरांस ब्लॉकबस्टर या बलाढ्य दुकानदार कंपनीस देऊं केली. तिनें ती घेतली नाहीं. त्याच ब्लॉकबस्टरनें २०१० सालीं दिवाळें जाहीर केलें!

२००७ सालीं इंटरनेटवरून चित्रपट थेट घरीं दाखविण्यास आरंभ झाला. याची युक्ति अशी. चित्रपटाचे कांहीं सेकंदांचे असंख्य तुकडे करितात आणि प्रत्येक तुकडा सुबक, मध्यम व साधा अशा अनेक प्रतींचा करून ठेवितात. तार जलद असेल तर सुबक तुकडा येतो, मंद असेल तर साधा येतो. म्हणून चित्र कधीं अस्पष्ट झालें तरी सहसा थांबत नाहीं. शिवाय, दूरच्या धरणांतून वेळोवेळीं पाणी न आणतां गांवाजवळ टाकी बांधावी, तशा लोकप्रिय चित्रपटांच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळपासच्या यंत्रांत साठविलेल्या असतात.

परंतु दुसऱ्याचा माल भाड्यानें घेणाऱ्यास मालकाची मर्जी सांभाळावी लागते. म्हणून ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या २०१३ सालच्या मालिकेपासून कंपनीनें स्वतःच्या कथानिर्मितीवर भर दिला. जानेवारी २०१६ मध्यें एकदम १३० नव्या देशांत तिचा प्रवेश झाला. त्यांत आपला देशही होता. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट २०२१ सालीं याच मार्गानें देशोदेशींच्या घरीं पोंचला, ही आपणांस आनंदाची गोष्ट होय.

वाढ अखंड झाली असें मात्र नाहीं. २०२२ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारें बारा लाख वर्गणीदार घटले. तेव्हां कंपनीनें जाहिरातींसह स्वस्त वर्गणी काढिली, व एका वर्गणीवर अनेक घरांनीं पाहण्यास आळा घातला. २०२४ च्या अखेरीस वर्गणीदार ३० कोटींवर गेले. टपालानें तबकड्या पाठविण्याचें काम मात्र सप्टेंबर २०२३ मध्यें कायमचें बंद झालें.

आतां पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द. ठराविक वर्गणींत एक चित्रपट पाहिला काय आणि शंभर पाहिले काय, पैसे तेवढेच. त्यामुळें “पैसे वसूल करावे” ही बुद्धि होते. आणि वर्गणीदार टिकावा म्हणून एक भाग संपतांच दुसरा आपोआप सुरू होतो. परंतु खरी किंमत रुपयांत नव्हे, तासांत मोजावी. रोज दोन तास म्हणजे वर्षास ७३० तास. अहोरात्र धरिले तरी पुरे तीस दिवस! एवढ्या वेळांत एखादी भाषा शिकतां येईल.

चांगली कथा पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. काय पाहावयाचें तें बसण्यापूर्वीं ठरवावें, शक्य तर सर्वांनीं मिळून पाहावें, आणि पुढील भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी. उशिराचा दंड दुकानदारानें माफ केला, हें खरें. परंतु रात्रीं जागून सकाळीं वर्गांत पेंगणारा विद्यार्थी तो आजही भरीत आहे, हें विसरूं नये.