विश्लेषण : ब्रिटनमधील घरात बॉयलरचा दाब का उतरतो? रेडिएटर गार पडल्यास काय करावे, काय टाळावे?

सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातून ब्रिटनला शिकायला गेलेल्या मुलांना खरी थंडी भेटते ती नोव्हेंबरात. एखाद्या सकाळी रेडिएटर गार पडलेले, नळाला गरम पाणी नाही आणि स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीवर कसला तरी कोड लुकलुकत असतो. मग घरी व्हिडीओ कॉल जातो. पण आयुष्यभर बंब आणि गिझर हाताळलेल्या आईवडिलांनाही हे यंत्र परकेच असते. अनेकदा कारण साधे असते. बॉयलरमधील पाण्याचा दाब उतरलेला असतो आणि तो दहा मिनिटांत पूर्ववत करता येतो. मात्र तो वारंवार उतरत असेल, तर दुखणे वेगळे असते.

हा दाब नेमका कशाचा?

ब्रिटनमधील बहुतेक घरांत गॅसवर चालणारा ‘कॉम्बी बॉयलर’ असतो. तो दोन कामे करतो. नळाचे पाणी लागेल तेव्हा तापवतो आणि घरभरच्या रेडिएटरांत गरम पाणी फिरवतो. रेडिएटरमधील पाणी नळाच्या पाण्यात मिसळत नाही. ते बंद नळ्यांमधून पुन:पुन्हा तेच फिरत राहते. या बंद चक्रातील दाब म्हणजे बॉयलरच्या काट्यावर दिसणारा दाब. तो ‘बार’ या एककात मोजतात. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरच्या टाकीतील पाण्याने खालच्या नळाला मिळणारा जोर.

बॉयलर थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये असावा. पाणी तापल्यावर ते प्रसरण पावते आणि काटा २ पर्यंत चढू शकतो. दाब ३ बारवर गेला, तर सुरक्षा झडप उघडते आणि पाणी घराबाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून निघून जाते. प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखेच हे काम. दाब फार खाली गेला, तर बहुतेक बॉयलर स्वत:हून बंद होतात. पुरेसे पाणी नसताना ज्योत पेटली, तर आतील भाग करपू नयेत, म्हणून ही सोय असते.

दोष दाबाचाच आहे, हे कसे ओळखावे?

आधी काटा किंवा आकडा पाहावा. तो १ च्या बराच खाली असेल, तर बहुधा कारण तेच. कोडही मदत करतात. व्हेलंटच्या बॉयलरवर ‘एफ २२’, बॅक्सीवर ‘ई ११९’, आयडियलवर ‘एफ १’ हे कमी पाण्याचे किंवा कमी दाबाचे संकेत आहेत. इतर मॉडेलसाठी बॉयलरसोबतची पुस्तिका पाहावी.

काटा जागेवर असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. भाड्याच्या अनेक घरांत गॅसचे मीटर प्रीपेड असते, त्यातील पैसे संपलेले असू शकतात. टायमर किंवा थर्मोस्टॅट बदललेला असू शकतो. कडाक्याच्या थंडीत बॉयलरमधून बाहेर जाणाऱ्या प्लास्टिकच्या निचरा नळीत बर्फ साचतो, तेव्हा आतून गुडगुड आवाज येतो आणि बॉयलर पेटत नाही. अशा वेळी बॉयलरमध्ये पाणी भरून उपयोग नसतो.

पाणी कसे भरावे?

भाड्याच्या घरात आधी घरमालक किंवा एजंटला विचारावे. त्यांची संमती असेल, तर पुढील क्रम ठेवावा.

१. बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्यावा.

२. बॉयलरच्या खाली ‘फिलिंग लूप’ शोधावा. ती बहुधा चंदेरी, विणलेल्या तारेची छोटी नळी असते आणि तिच्यावर दोन झडपा असतात. काही मॉडेलमध्ये नळीऐवजी एक कळ किंवा खास किल्ली असते.

३. नळीची दोन्ही टोके घट्ट बसली आहेत ना, ते पाहावे. एक झडप पूर्ण उघडावी, दुसरी अगदी हळू. पाणी शिरल्याचा सूं असा आवाज येईल.

४. नजर काट्यावरच ठेवावी. १ ते १.५ च्या मध्ये आला, की दोन्ही झडपा घट्ट बंद कराव्यात. नळी सुटी होणारी असेल, तर काढून ठेवावी व टोकांना टोपणे लावावीत.

५. बॉयलर सुरू करून गरज पडल्यास रीसेटचे बटण दाबावे.

पाणी जास्त भरले गेले आणि काटा २ च्या पुढे गेला, तर रेडिएटरची छोटी किल्ली थोडी फिरवून, खाली कापड धरून पाणी काढता येते. हे रेडिएटर गार असतानाच करावे.

दाब पुन्हा पुन्हा का उतरतो?

रेडिएटरमधील हवा नुकतीच काढली असेल, तर दाब उतरणे स्वाभाविक आहे. एकदा पाणी भरले, की प्रश्न मिटतो. वर्षातून एखाद्या वेळी थोडे पाणी भरावे लागणेही चिंतेचे नाही. पण दर आठवड्याला भरावे लागत असेल, तर पाणी कुठून तरी जाते आहे.

काटा कसा हलतो यावरून अंदाज येतो. बॉयलर सुरू असो वा बंद, दाब हळूहळू उतरत असेल तर गळती असावी. रेडिएटरच्या झडपांखाली कोरडा कागद फिरवून पाहावा. छतावरचे डाग, भिंतीच्या तळाशी आलेली ओल आणि बॉयलरखालचा ओलावा तपासावा.

तापल्यावर काटा ३ कडे धावत असेल आणि गार झाल्यावर शून्याजवळ येत असेल, तर ‘एक्स्पान्शन व्हेसल’वर संशय घ्यावा. या भांड्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा असते. प्रसरण पावलेल्या पाण्याला ती जागा देते. हवा गेली, की जागा उरत नाही, सुरक्षा झडप उघडते आणि पाणी बाहेर जाते. बाहेरच्या तांब्याच्या नळीतून ठिबकणे ही त्याची खूण.

कुठेच ओल दिसत नसेल, तर बॉयलरच्या आतच गळती असू शकते. ते तपासणे तंत्रज्ञाचे काम आहे.

रोज पाणी भरून वेळ मारून नेली तर?

महागात पडते. चक्रातील जुन्या पाण्यात गंज रोखणारे रसायन असते. ताजे पाणी ते पातळ करते आणि सोबत नवा प्राणवायू आणते. रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तयार होतो आणि तो पंपात व बॉयलरमध्ये अडकतो. एका झडपेच्या दुरुस्तीवर भागले असते, तिथे मोठा खर्च येतो.

हात कुठे लावू नये?

बॉयलरचे झाकण उघडू नये. ब्रिटनमध्ये गॅसचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे, असा कायदा आहे. त्याचे ओळखपत्र मागावे. कोणत्या कामाची पात्रता आहे, हे त्याच्या मागच्या बाजूस लिहिलेले असते.

दाब उतरल्याने विषारी वायू तयार होत नाही. पण ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, बॉयलरभोवती काजळी असेल किंवा घरात सर्वांचे डोके दुखून गरगरत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका समजावा. या वायूला वास नसतो. बॉयलर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ या गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्ससाठी आहे. गॅसचा वास आला तरी हेच करावे आणि विजेच्या बटणांना हात लावू नये.

भाडेकरूंनी काय लक्षात ठेवावे?

इंग्लंडमध्ये १९८५च्या कायद्यानुसार घर आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही साधारणपणे घरमालकाची जबाबदारी असते. गॅस उपकरणांची तपासणी दरवर्षी करून घेणे त्याला बंधनकारक आहे आणि नव्या भाडेकरूला तिचा दाखला राहायला येण्यापूर्वी मिळायला हवा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२पासून बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

तक्रार फोनवर करून थांबू नये. काट्याचा फोटो, कोड आणि तारीख ईमेलने पाठवावी. दाब किती दिवसांत किती उतरला, याची चार-पाच दिवसांची नोंद दिली, तर तंत्रज्ञाचे काम सोपे होते आणि ‘तुम्हीच काहीतरी फिरवले असेल’ या उत्तराला जागा राहत नाही.