परक्या संगणकावर निनावी वावर (लेखांक ७)

इंटरनेटवरील प्रत्येक विनंतीसोबत ती कोठून निघाली हे सांगणारा आयपी पत्ता जातो आणि तो पत्ता त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे असते, हे मागील लेखांकात पाहिले. ब्राउझरमधील ‘इन्कॉग्निटो’ खिडकी या बाबतीत काहीही करीत नाही. ती बंद होताच त्या संगणकावरचा इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात इतकेच. पत्ता लपवायचा तर विनंतीची वाटच बदलावी लागते, आणि ती बदलणाऱ्या साधनांपैकी सर्वाधिक चिकित्सा झालेले साधन म्हणजे टॉर.

टॉरमागील कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी विकसित केली. संदेशावर कूटलेखनाची, म्हणजे किल्लीवाचून न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपाची, एकावर एक आवरणे चढवायची, तो एकामागून एक तीन संगणकांतून पाठवायचा आणि प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याचे आवरण उतरवायचे, अशी ही योजना आहे. पहिल्या संगणकाला वापरकर्ता कोण हे कळते, पण तो कोठे चालला आहे हे कळत नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, पण प्रवासी कळत नाही. मधल्याला दोन्ही टोके अज्ञात राहतात. जगभर विखुरलेले हे संगणक मुख्यतः स्वयंसेवक चालवितात. शेवटचा संगणक मात्र जपून विचारात घ्यावा लागतो, कारण संकेतस्थळ स्वतः कूटलेखन वापरीत नसेल तर मजकूर तेथे उघडा पडतो. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश सुरक्षातज्ज्ञाने असे काही शेवटचे संगणक स्वतः चालवून अनेक दूतावासांच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड मिळविले, ते याच फटीतून.

नौदलाने जन्माला घातलेले तंत्र सर्वांसाठी खुले का झाले, याचे उत्तर या विषयाच्या गाभ्याशी नेते. केवळ नौदलाचेच लोक वापरतात अशा जाळ्यातून आलेला प्रत्येक संदेश नौदलाचाच ठरला असता. म्हणून त्यात पत्रकार, व्यापारी, विद्यार्थी आणि नुसते हौशी असे नाना तऱ्हेचे लोक मिसळणे आवश्यक होते. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्या सहभागातून घडलेले टॉर २००२ मध्ये कार्यान्वित झाले, तेव्हा त्याची संहिता खुली ठेवण्यात हाही हिशेब होता. निनावीपणा एकट्याला मिळत नाही, तो गर्दीकडून उसना घ्यावा लागतो. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टॉरमधून बॉम्बच्या खोट्या धमक्या पाठविल्या, परंतु त्यासाठी विद्यापीठाचेच वायफाय वापरले. धमक्या येण्याच्या सुमारास त्या जाळ्यावरून टॉर कोणी वापरले याची नोंद तपासल्यावर तो सापडला आणि चौकशीत त्याने कबुलीही दिली. टॉरचे कूटलेखन कोठेही फुटले नव्हते, गर्दी तेवढी अपुरी पडली.

टॉर पेनड्राइव्हवर बाळगण्याची सोय सप्टेंबर २००६ मध्ये ‘टॉरपार्क’ या फायरफॉक्सवर आधारलेल्या ब्राउझरने लोकांसमोर आणली. आज तेच काम टॉर ब्राउझर करतो: पेनड्राइव्हवर एक फोल्डर ठेवायचे, त्यातील चिन्हावर दोनदा क्लिक करायचे, संगणकात काहीही बसवायचे नाही. खिडकी मोठी केली तर पानाभोवती करड्या रंगाची रिकामी पट्टी उरते, आणि ती पाहून अनेकांना ब्राउझर बिघडला असे वाटते. वास्तविक पानाचा आकार मुद्दाम २०० व १०० पिक्सेलच्या पटीत ठेवला जातो, जेणेकरून पडद्याच्या मापावरून एका वापरकर्त्याला इतरांतून वेगळे काढता येऊ नये. येथेही खटाटोप आहे तो गर्दीत मिसळण्याचाच.

परंतु हे सारे जाळ्यापुरते झाले, आणि पेनड्राइव्हच्या सोयीने नेमका याच ठिकाणी गैरसमज पसरविला आहे. ‘संगणकात काही बसवले नाही’ याचा अर्थ ‘संगणकात काही उरले नाही’ असा होत नाही. विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत नोंदवहीत, जोडलेल्या पेनड्राइव्हचा निर्माता, नमुना आणि बहुधा अनुक्रमांकही टिपून ठेवते. ‘प्रीफेच’ नावाच्या फोल्डरमध्ये चालविलेल्या प्रोग्रामचे नाव व शेवटची वेळ राहू शकते. आणि स्मृती अपुरी पडली की तिच्यातील काही भाग हार्ड डिस्कवर उतरविला जातो. पेनड्राइव्ह काढून खिशात घातला तरी या खुणा मागे राहतात. कळफलकावरील प्रत्येक दाब टिपणारा छुपा प्रोग्राम त्या संगणकात आधीच असेल तर पासवर्ड तीन संगणकांच्या साखळीत शिरण्यापूर्वीच परक्या हाती गेलेला असतो.

हा दोष ओळखून २००९ पासून विकसित होत आलेली ‘टेल्स’ ही प्रणाली वेगळा मार्ग घेते. तिच्यात ब्राउझर नव्हे, संपूर्ण कार्यप्रणालीच किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर असते. संगणक त्यावरूनच सुरू करायचा, म्हणजे आतील विंडोज झोपलेलीच राहते, सर्व काम स्मृतीत चालते, इंटरनेटशी संबंध टॉरमार्फतच येतो आणि बंद करताना स्मृती पुसली जाते. एडवर्ड स्नोडेन आणि त्याच्याशी संपर्कात असलेल्या पत्रकारांनी २०१३ मध्ये हीच प्रणाली वापरली होती. मात्र कळफलक आणि संगणक यांच्यामध्ये बसविलेल्या टिपणाऱ्या उपकरणापुढे टेल्सही हतबल ठरते.

भारतातील सायबर कॅफेत तर टेल्सपर्यंत मजल जाणेच कठीण, कारण मालकाचा संगणक बंद करून आपल्या पेनड्राइव्हवरून सुरू करू देईल असा मालक विरळाच. शिवाय २०११च्या सायबर कॅफेविषयक नियमांनुसार ग्राहकाचे ओळखपत्र पाहून त्याची नोंद किमान एक वर्ष जपावी लागते, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक असू नये असे बंधन आहे, आणि आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूस वळलेले असावे लागतात. शेजारून जाणाऱ्याला पडद्यावरचे पान दिसते, तेथे तीन संगणकांची साखळी ही दूरचीच तटबंदी ठरते.